एकेक काढून बघा

ब्लायनायच्या वृद्धाश्रमात टीव्ही एकच,
त्याच्या पाठीमागे मात्र चार बिऱ्हाडं :
नेस्ताबाईंचा डीव्हीडी, ग्विलिमचा सॅटेलाइटचा डबा,
मायरचा व्हीसीआर, आणि कुणाच्या तरी नातवानं
नाताळात आणून इथंच विसरलेला खेळांचा खोका.
वायरींचा असा गुंता की सोडवायला बसलो
तर हाताला धूळ लागली, धुळीत एक दात.
कुणाचा, ते विचारलं नाही.

तक्रारी वहीत उतरवून घेतल्या.
नेस्ता : सिनेमातली माणसं उजळतात, मावळतात,
जणू कुणी कंदिलाची वात वरखाली करतंय.
ग्विलिम : रग्बीच्या मैदानात एक काळा पट्टा
खालून वर चढतो, सावकाश, पंचाला न जुमानता.
मायर : टेपवर मुंग्या.
मेट्रनबाई : बातम्या देणारे सगळे हिरवे,
आणि जेवण साडेपाचला, तोवर आटपा.

मी चाळीस वर्षं पाटीच्या दगडाच्या खाणीत होतो.
सुरुंगांच्या तारा जोडायचो.
एक जोड सैल राहिला तर अख्खी रांग मुकी,
आणि मुक्या सुरुंगाकडे जाणारा माणूस
घाई करत नाही.
म्हणून आधी सगळं बंद केलं.
काळ्या काचेत खुर्च्यांची रांग दिसली,
तिच्यापुढे गुडघ्यांवर मी.
"आत्ता कसं स्वच्छ आलं," ग्विलिम म्हणाला.

मग एकेक लावत गेलो.
डीव्हीडी व्हीसीआरच्या पोटातून जात होता;
नक्कल करणाऱ्यासाठी चकतीवर पेरलेले काटे
त्या बिचाऱ्याला टोचत होते.
सरळ टीव्हीला जोडला, वात स्थिर झाली.
नेस्ताबाईंनी नटाचं नाक पाहून घेतलं,
म्हणाल्या, अंधुक होता तेव्हा बरा होता.

सॅटेलाइटच्या डब्याची वीज पलीकडच्या भिंतीतून ओढलेली.
सगळे प्लग एकाच पट्टीवर आणले,
काळा पट्टा मैदान सोडून गेला.
वेल्स तरीही हरत होतं. ते माझ्याकडे नाही.
लाल रंग एका वाकलेल्या पिनेत अडकला होता,
मेट्रनबाईंच्या केसांतल्या आकड्यानं सरळ केली,
बातम्या माणसांत आल्या.

राहिल्या मुंग्या.
व्हीसीआर उघडला, स्पिरिटनं हेड पुसलं.
वायर बदलली. ट्रॅकिंगचं बटण
केसाएवढं इकडे, केसाएवढं तिकडे.
मायरच्या बहिणीचं लग्न : बेथेल चॅपलच्या पायऱ्या,
एलुनेदचा घुंघट, बँडवाल्याचं तोंड,
सगळं रेखीव, आणि सगळ्यावर पांढरे ठिपके.
दुसरी टेप घालून पाहिली. निर्मळ.
पुन्हा ही घातली. ठिपके.
वहीत लिहिलं : टेप गेलेली. खोडलं.
पुन्हा स्पिरिट.

पाऊण तास मायर माझ्या पाठीकडे बघत होती.
शेवटी हातातलं विणकाम मांडीवर ठेवून म्हणाली,
"इड्वल, मुंग्या मघाशीच गेल्या रे.
हा बर्फ आहे.
मार्च सत्त्याऐंशी, तेवीस तारीख,
डोंगरातून बस आली नाही, भटजी चालत आला.
आणि एलुनेदवर छत्री धरून
स्वतः भिजणारा तो ओंडका तूच."

मी जवळ सरकलो.
पडद्यावरच्या माणसाला केस होते.
तो छत्रीकडेही बघत नव्हता, कॅमेऱ्याकडेही नाही.
त्याच्या खांद्यावर बर्फ साचत होता
आणि तो झटकायला
त्याचा एक हात मोकळा होता.

मायर काही बोलली नाही. मीही नाही.
स्वयंपाकघरात ताटल्या वाजल्या.
वहीत तिच्या नावापुढे लिहिलं : दोष नाही,
आणि स्क्रूड्रायव्हर खिशात घालण्याआधी
ट्रॅकिंगचं बटण उगाच एकदा,
केसाएवढं.