रकाना नववा

शाळेच्या व्यायामशाळेत माझं टेबल.
एक पाय आखूड, म्हणून खाली दुमडलेला पुठ्ठा.
मीही याच अर्जावर कामाला लागलेला,
सात आठवड्यांपूर्वी;
समोरच्याच्या बुटांकडे बघायचं टाळतो.

तांब्याची खाण बंद पडली, त्याला हा तिसरा हिवाळा.
सरोवरावरचं वारं दाराच्या फटीतून घुसतं,
अर्ज उडू नयेत म्हणून वर खाणीतला दगड ठेवतो.
हिरवट, जड.
सध्या त्याला एवढंच काम.

सोमवारी हिल्या रुओत्साला आली.
डोक्याला रुमाल, रुमालावर न वितळलेला बर्फ.
शिवता येतं?
येतं.
गाद्या?
गाद्या, कोट, मेलेल्या माणसाचे कपडे, सगळं.
भाऊबंद? कुणी नाही.
घरी दोन मुलं, एक गाय.
गाय आटलीय, हे तिनं आपणहून सांगितलं,
जणू त्यात तिचीच चूक.

मग रकाना नववा. कुटुंबप्रमुख.
"डेट्रॉइटला गेलाय. काम शोधायला. येईल."
मी पेन खाली ठेवलं.
येणार असेल तर, बाई, काम त्याच्या नावावर,
आणि तो इथं नाही, म्हणजे कुणालाच नाही.
नियम काही मी केला नाही, असंही म्हणालो.
सगळेच म्हणतात.
एक शब्द मात्र आहे, जो चालतो.

तिला इंग्रजी बेताचंच.
मागच्या म्हाताऱ्यानं तो शब्द
त्यांच्या भाषेत, खाली मान घालून, सांगितला.
रांग एकदम छताकडे बघू लागली,
तिथं बास्केटबॉलची फाटकी जाळी.

"लिहा," ती म्हणाली. "टाकून गेला."
आणि थोड्या वेळानं,
"पेन्सिलीनं लिहिलं तर?"

शाईच लागते.
मी लिहिलं. अक्षर चांगलं आहे माझं,
बक्षीस मिळालं होतं,
याच हॉलमध्ये.

गुरुवारी ती पुन्हा आली.
शिवणघराचा बिल्ला कोटाला, बोटाला चिंधी,
हातात पाकीट: दोन डॉलर, चार ओळी,
डेट्रॉइटचा शिक्का.
मिळकत दाखवायची असते ना, म्हणाली. म्हणून आणलं.

कुणाचं पत्र?
ती पाकिटाकडे बघत राहिली.
"भावाचं."

सहाव्या रकान्यात भाऊ नाही,
हे माझ्याच हातानं लिहिलेलं.
मी दगड उचलला, तिचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सारला,
दगड परत ठेवला.

भावाला म्हणावं, जपून राहा,
म्हणालो,
तिकडेही थंडी असेल.