अर्धा सेकंद

सील नदीच्या वर, जिथं डोंगर उतरत नाही, कोसळतो,
तिथं कुणा आडमुठ्यांनी पाटीचे दगड रचून
पायऱ्या केल्या आणि पायरीपायरीवर वेली लावल्या.
ट्रॅक्टर इथं चढत नाही. खेचरंही आता उरली नाहीत.
म्हणून मला बोलावलंय
ओउरेन्सेच्या प्रयोगशाळेतून, दोन पेट्या, एक लॅपटॉप
आणि सिलिकॉनची तीन बोटं घेऊन.

तीनच. पाच बोटं बजेटात बसली नाहीत.

एर्मितास बहात्तर वर्षांच्या.
त्यांच्या हातात तारांचा मोजा चढवला
तेव्हा म्हणाल्या, "लग्नातसुद्धा मी मोजे घातले नव्हते."
मग वाकून कामाला लागल्या,
आणि माझ्या पडद्यावर त्यांचा हात
हिरव्या रेषा होऊन चालू लागला.

डावा तळवा घडाखाली, झोपलेल्या पोराची मान धरावी तसा.
उजवीकडून कात्री देठाशी.
दाब किती? अंडं उचलण्याइतका. त्याहून जरा कमीच.
मण्यावरची निळसर साय पुसली जाऊ नये, इतका.
हे सगळं मी आकड्यांत लिहून घेतलं.
आकडे बरोबर आहेत. तीनदा तपासलेत.

"तुझं यंत्र मधूनच एखादा मणी तोंडात टाकतं का?"
"नाही."
"मग त्याला कळतं कसं?"
साखर कोणता प्रकाश गिळते, ते मी समजावून सांगितलं.
त्यांनी ऐकून घेतलं. एक मणी चावला, बी थुंकली.
"आणखी चार दिवस."
माझं उपकरण म्हणालं, साडेतीन.

एकच गोष्ट बसेना.
कात्री मिटण्याआधी, दर वेळी,
त्यांचा हात थांबायचा. अर्धा सेकंद.
रेषा सपाट. ना दाब, ना हालचाल.
वय असेल, म्हटलं. नाहीतर मोज्याची एखादी सैल तार.
दिवसाला दोन हजार घड, गुणिले अर्धा सेकंद,
म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटं.
ती मी कापून टाकली.
कापताना, खरं सांगते, बरं वाटलं.

एकोणीस सप्टेंबरला यंत्र पहिल्यांदा पायरीवर उभं राहिलं.
रुळावरून सरकत, कुठंही न थांबता,
एकेक घड टोपलीत ठेवत गेलं. सुबक.
बघणारे टाळ्या वाजवायच्या बेतात होते,
तेवढ्यात टोपली उचलायला गेलेला ब्राइस
किंचाळत दोन पायऱ्या खाली आला.
मानेवर तीन, कानावर एक.

गांधीलमाश्या. घडाच्या पोटात बसतात,
फुटल्या मण्याचा रस पीत.
यंत्राला काय त्याचं.
त्यानं त्यांनाही अलगद, साय न पुसता,
टोपलीत ठेवलं होतं.

ब्राइसच्या मानेला व्हिनेगर लावता लावता
एर्मितास म्हणाल्या, माझ्याकडे न बघता,
"तळवा लागला की घड आतून गुणगुणतो.
किंवा नाही गुणगुणत.
ऐकायला थांबावं लागतं. तू विचारलंच नाहीस."

त्या रात्री मी कापलेलं परत जोडलं.
सिलिकॉनच्या बोटांच्या बेचक्यात
मसुराएवढा एक कान बसवला.

आता यंत्र दर घडापाशी थांबतं.
लुगोहून आलेले साहेब विचारतात, अडकलं का?
मी म्हणते, नाही.
मग घड्याळाकडे बघतात, आणि मी त्यांच्याकडे.

ऑक्टोबरात थंडी उतरली, माश्या मेल्या.
सगळ्यात वरच्या पायरीवर उशिरा पिकणारे
थोडे घड राहिलेत. यंत्र एका टोकाला,
एर्मितास दुसऱ्या.
"सांग की त्याला, माश्या मेल्या म्हणून,"
त्या ओरडून सांगतात,
आणि पुढच्या घडाखाली तळवा धरून
स्वतःही थांबतात.