उलटी बाजू

मे महिना. रात्रीचे साडेदहा, तरी गच्चीची फरशी तव्यासारखी.
बादलीभर पाणी ओतलं
तर चर्र करून पिऊन टाकलं तिनं.
खाली बोल्लींच्या कारखान्यात आठ माग चालू आहेत.
आम्हा साखर पेठेतल्या बायकांना हळू बोलता येत नाही,
हे सून मला अमेरिकेत रोज सांगायची.

गजरा म्हणाली, फोटो नको दाखवू,
चष्मा खाली राहिलाय. तोंडानं सांग.

काय सांगू?
तांबडी माती. संध्याकाळी तर
रंगाच्या हौदातून नुकती काढलेली लडी,
अजून पाणी गळतंय अशी.
मध्ये मध्ये सुळके उभे. देवळं म्हणावीत तर कळस नाही,
बुरूज म्हणावेत तर राजा नाही.
मुलगा म्हणाला, अम्मा, हे सगळं वाऱ्यानं केलंय.
म्हटलं, इथल्या वाऱ्याला सवड दिसते,
आमच्याकडचा नुसता वाळत घातलेलं सूत गुंतवून जातो.

जीप चालवणारा डेल्बर्ट, नावाहो.
वाळूत चाक रुतलं की इंजिनाशी त्याच्या बोलीत बोलायचा.
त्याची मावशी एका गोल घरात विणत बसलेली,
दार उगवतीला.
माग उभा, भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा,
ना पावडी, ना धोटा, बोटांनीच सूत ओवायचं
आणि लाकडी फणीनं ठोकायचं.
मी एकवीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून विणलं,
ती मातीवर मांडी घालून.
भाषा एक शब्दाची जुळेना,
पण माझ्या अंगठ्यावरचा घट्टा तिनं दाबून पाहिला
आणि तिचा मला दाखवला.

मुलासाठी नेलेली मोराची चादर
मी तिच्या मांडीवर ठेवली. (मुलाचं तोंड बघायचं होतंस!)
तिनं मोर पाहिलाच नाही.
आधी उलटी बाजू पाहिली, गाठी चाचपल्या.
मग मी तिचा गालिचा उलटला, पुन्हा उलटला,
उलटी बाजू सापडेचना.
दोन्हीकडून सारखाच.

ती उलटी बाजू डेल्बर्टनं परतीच्या वाटेवर सांगितली.
पणजीच्या पणजीला शिपायांनी हाकत नेलं,
शेकडो मैल, पायी. मेंढ्या मारल्या, झाडं तोडली.
चार वर्षांनी उरले ते चालत परत आले,
ह्याच मातीत.

गजरानं मांडीवरचा डास मारला.
कुंपण होतं?
होतं की. फाटक होतं.
तिकीट कोण फाडत होतं?
त्यांचीच एक पोरगी, च्युइंगम चघळत.
वर बोर्ड: ही जमीन आमची, परवानगीशिवाय फिरू नये.

गजरा बराच वेळ गप्प.
तिचा आजा सेटलमेंटमधला. तारेच्या आत जन्मला,
हजेरी देऊन मिलला गेला, हजेरी देऊन परत आला.
बहिणीच्या लग्नाला बार्शीला जायचं तर साहेबाची चिठ्ठी;
चिठ्ठी आली तोवर
बहिणीला पहिला मुलगा झाला होता.

म्हणजे तिथं, ती म्हणाली,
चिठ्ठी बाहेरच्यानं घ्यायची?
हो.
पैसे देऊन?
हो गं.
मग हसली. एवढी हसली की पलीकडच्या गच्चीवर
झोपलेल्या गड्डमांच्या म्हातारीनं मान वर केली.
किती पडले? म्हणाली. माझ्या आज्याचे वळते करून घे.

मग तिथलं खाणं विचारलं. सांगितलं,
तळलेली भाकरी, पुरीची थोरली बहीण.
त्यावर मी पर्समधली शेंगाचटणी घातली,
डेल्बर्टनं दोनदा मागून घेतली.

एक मात्र सांगता येईना.
तिथं आवाज नव्हता, म्हटलं. म्हणजे नव्हताच.
कसा नव्हता? गजरा म्हणाली.
मी शब्द शोधत होते, एवढ्यात

लाईट गेली.
आठही माग एकदम थांबले.

हे बघ, म्हटलं. असं.

गजरानं माझ्या तोंडावर हात ठेवला.
तिच्या तळहाताला तंबाखूचा वास.
कितीतरी वेळ आम्ही तशाच बसलो, तारा बिरा बघत,
खाली कुणीतरी तेलुगूतून
वीज बोर्डाची आई काढेपर्यंत.