पुकारा

बारावीनंतरच्या मे महिन्यात घरात
पुण्याच्या कॉलेजचं माहितीपत्रक होतं,
गुळगुळीत, हिरवळ छापलेलं.
धुळ्याचं झेरॉक्स होतं, कडेला काळं.
जळगावचं नव्हतंच;
आप्पांच्या डायरीत नुसता एक फोन नंबर.

आप्पा अमळनेरच्या कोर्टात पुकारा करतात.
एकवीस वर्षं दारात उभं राहून
लोकांची नावं तीन-तीनदा हवेत सोडायची,
कुणी आलं नाही की आत वळून मान हलवायची.
घरी मात्र हाक म्हणून मारत नाहीत.
जेवायला बोलवायचं तर ताट वाजवतात.

विचारलं, कुठलं घेऊ?
म्हणाले, वकील कसा ते मला
त्याच्या अशिलाच्या तोंडावरून कळतं.
कॉलेज कुणाच्या तोंडावर दिसत नाही.
आणि पंखा दोनवर करून झोपले.

मी जळगाव घेतलं.
सगळ्यांना सांगते : आईचा गुडघा, फी, सकाळची पॅसेंजर.
खरं असं, की त्या हिरवळीवरची मुलं
इंग्रजीत हसत होती
आणि मला तसं हसता आलं नसतं.
हे अजून आप्पांनाही माहीत नाही.

पाच वर्षं धरणगाव, पाळधी.
खिडकीत कपाशी, मांडीवर करार कायदा :
प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला.
मेथीच्या जुड्या सांभाळत समोरची बाई विचारायची,
"पोर, येनावर पोट भरी का वं?"
मी पान उलटायची.

सनद आली. काळा कोट शिवला,
चव्वेचाळीस डिग्रीत घातला.
बागुलवकिलांच्या हाताखाली आठ महिने
एकच वाक्य बोलले :
पुढील तारीख मिळावी.
पगार नव्हता. चहा होता.
आणि स्टॅम्पचे उरलेले सुट्टे, ते विसरले तर.

मग एका सोमवारी सुपडाबाई आल्या,
पिशवीत कागद, कागदांना कळण्याच्या भाकरीचा वास.
पोटगीचा अर्ज गैरहजेरीत काढून टाकलेला.
त्या तर म्हणाल्या, "मी आठेच बठेल व्हती,
त्या निंबखाले. दिनभर."
कागद पाहिले. अर्जदार : सुभद्राबाई.
कुणा टायपिस्टला सुपडा हे नावच वाटलं नसेल,
सुपात घालून वाचवलेली पोर त्याला ठाऊक नसेल.
त्यांनी खाली अंगठा दिला होता
आणि त्या दिवशी दारातून तीनदा
सुभद्राबाईंना बोलावलं होतं
माझ्या आप्पांनी.

बागुलसाहेब म्हणाले, तू लिही, छोटं काम आहे.
रात्री स्वयंपाकघरात लिहायला बसले.
पाच वर्षांत वाचलेलं लॅटिन काही कामाला आलं नाही.
लिहिलं : पुकारा झाला, हे अर्जदारास मान्य आहे.
नाव तिचे नव्हते.
अर्ज पुन्हा नंबरावर घेण्यात यावा.

आप्पा पाणी प्यायला उठले, खांद्यावरून वाचलं.
बराच वेळ तांब्या हातातच.
मग म्हणाले, "खोट्या नावालाही
मी आवाज कमी दिला नव्हता."
"माहीत आहे," म्हटलं.

सुनावणीला पाय कापत होते, टेबलाआड दिसले नाहीत.
दारातून आप्पांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून
नाव घेतलं : सुपडाबाई.
एकदाच. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही.
"शे ना भाऊ, आठेच शे,"
इतक्या मोठ्यानं, की साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

अर्ज मंजूर. निकाल नाही, नुसती पुढची तारीख.
फी म्हणून घडीच्या दोनशेच्या दोन नोटा,
त्यातली एक मी परत केली
आणि संध्याकाळी त्याचा पश्चात्ताप झाला.

परवा पारोळ्याच्या एका मुलीचा फोन आला.
ताई, कुठलं कॉलेज चांगलं?
फी विचारली, गाडी विचारली, इंग्रजीचं विचारलं.
मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं,
हिरवळीचंही सांगितलं, भिऊ नको म्हणून.
ती फोन ठेवणार, तेवढ्यात आठवलं :
थांब, तुझ्या मार्कशीटवर
नाव बरोबर आहे ना गं?