हात मागे

साकीनाक्याच्या स्टुडिओत विचारतात,
शेवटच्या लेव्हलचा हा खलनायक असा का झाला?
दोन ओळींत लिही. जळालेलं गाव चालेल,
मेलेला बाप चालेल.

मी गाव जाळत नाही.

विक्रोळी पार्कसाइट, पिठाच्या गिरणीमागचं पार्लर,
रुपयाला एक डाव.
प्रमेश मोकल रोज यायचा, रिकाम्या खिशाने.
मशीन स्वतःशीच खेळत असायचं तेव्हा
हा दांडा हलवायचा,
आणि पडद्यावरचा पैलवान चुकून डावीकडे वळला
की म्हणायचा, बघ, माझं ऐकतो.

एकदा गल्ल्यावरून दामजीभाई सगळ्यांदेखत म्हणाले,
"नाणं नाय ना? मग हात मागे."
त्याने घेतले.
आम्ही हसलो. मी जरा जास्तच,
माझ्याकडे तीन रुपये होते.

म्हणून हा तसा उभा राहतो,
हात पाठीशी, घंटा होईपर्यंत.
टेस्टिंगची पोरं म्हणतात, काय माज आहे साल्याचा!

गोष्टीची जागा मी कोरीच ठेवली.
फक्त एक करून ठेवलंय, कुणाला न सांगता:
डेमो चालू असताना, स्टार्ट न दाबता
कुणी नुसताच दांडा हलवला,
तर हा वळतो.
डावीकडे.