लांबी

ब्रशनं लावायची पुट्टी बाटलीत मिळते,
नेलपॉलिशहून जराशी मोठी बाटली.
सीताबर्डीच्या दुकानदारानं कुठून कुठून मागवून दिली,
वर म्हणाला, मॅडम, मे महिन्यात हिला फ्रिजमध्ये ठेवा.
ठेवली. पन्ह्याच्या बाजूला.

बाबा हिला लांबीच म्हणतात.
मोतीबागच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
छोट्या गाडीच्या डब्यांना लांबी भरली त्यांनी.
खडूची भुकटी, अळशीचं तेल,
कणकेसारखी तिंबून तिंबून.
लहानपणी मला वाटायचं, लांबी भरतात
म्हणजे गाडी थोडी थोडी लांब करत असतील,
आणि नागभीड दरवर्षी
एखादं पाऊल पुढं सरकत असेल.

आता तो डबा माझ्या टेबलावर, वीतभर.
धरमपेठेतल्या एका पोट्ट्यानं मशीनवर छापून दिला,
दोन भागांत.
जोडले, तर तिसऱ्या खिडकीखाली फट राहिली,
पोस्टकार्ड आत जाईल एवढी.

दिवसभर मी लॅबमध्ये कवळ्या घासते.
फट काय असते,
जीभ तिथं दिवसातून कितीदा जाऊन येते,
मला नका सांगू.

पहिला हात पातळ. थिनरचे दोन थेंब.
ब्रश फटीवर नुसता टेकवायचा, ओढायचा नाही,
पुट्टी आपली आपण आत उतरते.
वाळली की बसते, मधोमध खळगी पडते.
म्हणून दुसरा हात.
घाई केली तर वर साय धरते आणि आत ओलीच राहते.
म्हणून तिसरा, दुसऱ्या दिवशी.

शेहेचाळीस डिग्रीत
बाटलीपासून फटीपर्यंत येईस्तोवर ब्रशचे केस राठ होतात.
कूलर चालू ठेवला तर वाळ्याच्या काड्या उडून चिकटतात,
बंद केला तर घाम टपकतो थेट छतावर.
मी कूलर बंद केला.
कपाळाला दुपट्टा बांधला, स्कूटीवर बांधते तसाच,
आणि सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरचा
नखाएवढा तुकडा
पाण्यात बुडवून फिरवत राहिले.

संध्याकाळी बाबांनी डबा हातात घेतला.
चष्मा नाही लावला.
अंगठ्याचं नख फिरवलं खिडकीखालून,
एकदा, पुन्हा एकदा.
नख कुठंच अडकलं नाही.

"इथं फट होती वं," ते म्हणाले.
होती ना बाबा, भरली मी.
"तुह्या डब्याची नाही म्हणून राहिलो. खऱ्या डब्याची.
इथंच. याच खिडकीखाली.
तीनदा भरली म्या. तीनदा गळून पडली.
गाडी चालली की लाकूड हलते,
लांबी काही हलत नाही."
मग?
"मग काय. चौथ्यांदा फोरमननं रजिस्टर पुढं केलं.
म्या लिहून टाकलं, भरली."
आणि भरली नव्हती?
कूलरकडं बघत म्हणाले, "चालू कर आता,
जीव घाबरून राहिला."

रात्री जेवताना एकटेच हसले.
"अठ्ठावीस वर्षांनी रजिस्टर खरं झालं बावा,"
म्हणाले वरणाला.

सकाळी पडद्याच्या फटीतून ऊन आलं, डब्यावर पडलं,
आणि तिसऱ्या खिडकीखाली
केसाएवढी रेघ.
चौथा हात द्यावा लागणार होता.
फ्रिजमधून बाटली काढली, झाकण फिरेना,
पुट्टीनंच पुट्टीचं तोंड बंद केलेलं.
पक्कड शोधत होते मी ड्रॉवरमध्ये.

बाबा मागं उभे, चहाची बशी हातात.
रेघ त्यांनी माझ्याआधी पाहिली असणार.

"तारीख काय आज?"
सव्वीस.
"लिही," म्हणाले,
"भरली."