खरवड

किल्ली गुरांदाकडे असते,
मक्याच्या कणसांच्या माळेमागे, खिळ्याला.
आधी ती कोंबड्यांना दाणे टाकते,
मग डोक्याला रुमाल बांधते, मग म्हणते, चला.
घाई करणाऱ्याला गुहा दिसत नाही म्हणे.

वाट अक्रोडाच्या झाडांतून वर.
शेवटी लोखंडी शिडी, अकरा पायऱ्या.
"दहावी नाहीये," ती खालूनच ओरडते,
प्रत्येकाला, बहुधा ह्याच सुरात.

आणि आत... एवढीच?
बैलगाडी घातली तर दांडी बाहेर राहील.
धुरकटलेलं छत, मेणाचे ओघळ,
कोनाड्यात कुणी ठेवलेली तीन नाणी, एक बटण.
समोरच्या भिंतीवर संत:
निळा झगा, वर केलेला हात,
डोळ्यांच्या जागी दोन पांढरे खड्डे.

खाली बसथांब्यावर ओतिया म्हणाला होता,
शत्रूच्या घोडेस्वारांनी भाल्यानं फोडले.
पावाच्या भट्टीवर म्हणाले, छे,
गावात भावानं भावाला मारलं त्या दिवशी
संतानंच मिटले, आणि मिटलेले डोळे
भिंतीत विरघळत गेले.
मास्तर म्हणाले, ओल. नुसती ओल.
मास्तरांचं गावात कुणी फारसं ऐकत नाही.

गुरांदा टॉर्च विझवते.
"भाला असा लागतो?"
अंधारात माझं बोट धरून
खड्ड्याच्या कडेवर ठेवते.
बारीक, गोल गोल ओरखडे.
नखांचे.
दुधाच्या पातेल्याच्या तळातून
खरवड काढावी, तसे.

पोरांचे डोळे आले
की बायका डोळे न्यायला यायच्या.
चिमूटभर चुना, झऱ्याचं पाणी,
पापण्यांवरून हलकं बोट.
आजीच्या आजीपासून, चिमूट चिमूट.
"संत काही बोलला नाही," ती म्हणते,
"आशीर्वादाला हात वर केलेला,
आता नाही कसं म्हणणार?"

ती चार वर्षांची, गोवर,
पापण्या चिकटलेल्या.
डॉक्टर नदीपलीकडे, नदी फुगलेली.
आई रात्री चढली, कंदीलही न घेता.
तेव्हा एकच काळा ठिपका उरला होता,
मसुराएवढा.
तो घेऊन आली.

कुठल्या डोळ्यात घातला, विचारलं.
आठवत नाही.
आता दोन्हींत मोतीबिंदू.
कुतैसीच्या दवाखान्यानं दोनदा तारीख दिली,
दोनदा ही गेली नाही.
"ते आतलं जुनं काढून टाकतात ना?
त्याच्याबरोबर तोही गेला तर?
माझा नाहीये तो."

ह्यावर मी काय बोलणार.
खिशातला चष्मा चाचपला, उगाच.

निघताना तिनं टॉर्च लावली,
पण झोत वर जाऊ दिला नाही,
जमिनीवरच धरला, आपल्या पायांपुरता.
"त्याला झोंबतं," म्हणाली.

मग कुलूप, मग शिडी.
ती आधी उतरली, पाय लांबवून,
न बघता.